गाय गाभडली, घरात ताप आहे: डॉक्टरांनी तो प्रश्न का विचारला?

मोहोळ तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आला आहे. घरी सहा संकरित गाई, दूध डेअरीला आणि थोडं शेजारी रतिबाला. दिवाळीनंतर एक गाय आठव्या महिन्यात गाभडली, वार अडकली. पंधरा-वीस दिवसांत दुसरीनेही गाभ टाकला. पशुवैद्यकांनी रक्ताचे नमुने घेतले आणि जाता जाता विचारलं, "घरात कुणाला ताप येतोय का?" ताईंच्या मालकांना दीड महिन्यापासून संध्याकाळी ताप चढतो, रात्री घामाने अंथरूण भिजतं, कंबर आणि सांधे धरतात. टायफॉइडचा कोर्स झाला, आठवडाभर बरं वाटलं, पुन्हा तेच. सासूबाई म्हणतात, जनावराचं दुखणं माणसाला कसं होईल, आमच्या चार पिढ्या गोठ्यात गेल्या. ताईंनी आणखी दोन गोष्टी विचारल्या आहेत: या दोन गाई बाजारात काढाव्यात का? आणि वार अडकलेल्या गाईला इंजेक्शनं दिल्यापासून फक्त तिच्याच दुधाचं दही लागत नाही, ते कशामुळे?

ताई, आधी कामाचं सांगतो. गाई गाभडवणारा ब्रुसेला नावाचा जंतू माणसालाही होतो आणि असाच ताप आणतो, इथे तोच असू शकतो. मालकांना याच आठवड्यात मोहोळला नाहीतर सोलापूरला एमडी मेडिसिन डॉक्टरांकडे न्या, सिव्हिलला दाखवलंत तरी चालेल. तिथे ताप किती दिवसांचा आहे हे सांगण्याआधी एवढं सांगा: "आमच्याकडे दुभती जनावरं आहेत, महिनाभरात दोन गाई गाभडल्यात, ब्रुसेलाची तपासणी करता का?" डॉक्टरांसमोर रांग लागलेली असते. तापाचा पेशंट आला की मलेरिया, डेंगी, टायफॉइड हे आधी डोक्यात येतं आणि तसंच यायला हवं, कारण तेच जास्त असतं. गोठा त्यांना दिसत नाही. तो तुम्ही सांगायचा. लॅबवाल्यांनाही हे कळलं पाहिजे. ब्रुसेलाचे जंतू प्रयोगशाळेत वाढवताना तिथल्या माणसांना लागण झाल्याची उदाहरणं जगभर आहेत, शिवाय हे जंतू सावकाश वाढतात. माहीत असेल तर ते रक्ताचं कल्चर जास्त दिवस ठेवतात आणि जपून हाताळतात.

तुमच्या पशुवैद्यकांनी विचारलेला प्रश्न अगदी बरोबर होता. सहाव्या महिन्यानंतर गाय गाभडली, वार अडकली आणि पाठोपाठ त्याच गोठ्यात दुसरी गाभडली, की आम्हा पशुवैद्यकांच्या मनात पहिला संशय ब्रुसेलोसिसचा, म्हणजे ब्रुसेलामुळे होणाऱ्या आजाराचाच येतो. हा जंतू गाभण गर्भाशयात का शिरतो याचं कारण फार नेमकं आहे. गाय, म्हैस, शेळी यांच्या गाभण पिशवीत आणि वारेत एरिथ्रिटॉल नावाचा शर्करेसारखा पदार्थ तयार होतो. ब्रुसेलाला तो फार मानवतो. तोवर तो जनावराच्या अंगात, गाठींमध्ये गुपचूप बसलेला असतो, गाय खाते-पिते, दूध देते, अंगावर तेजही असतं. गाभणपणाचे शेवटचे महिने आले की तो वारेत बेसुमार वाढतो, वार सुजते, सडते, वासराचं पोषण तुटतं आणि गाभ पडतो. त्या पडलेल्या गाभात, वारेत आणि पाण्यात अब्जावधी जंतू असतात. पुढच्या वेताला तीच गाय बहुतेक वेळा पूर्ण दिवस भरून विते, म्हणून माणसं "झालं, सुटली एकदा" असं समजतात. पण कासेत आणि गाठींमध्ये जंतू तसाच राहतो आणि दुधातून पुढे वर्षानुवर्षं येत राहतो.

तरीही निकाल येईपर्यंत थांबा. गाभडण्याची कारणं अनेक आहेत. लेप्टोस्पायरा नावाचा दुसरा जंतू आहे, जोराचा ताप आहे, बुरशी लागलेला चारा आहे, पोटाला बसलेली धडक आहे. 2022 साली लम्पीची साथ आली तेव्हाही बऱ्याच गाभण गाई गाभडल्या होत्या. लेप्टोस्पायरासुद्धा मुतातून माणसाला होतो, म्हणजे कारण कुठलंही निघो, खाली सांगितलेली काळजी वाया जाणार नाही.

आता तो जंतू घरात कसा येतो ते बघा. गाय रात्री गाभडते. वार लोंबत असते. धार काढायची वेळ झालेली असते, डॉक्टर यायला वेळ आहे. मग घरातलं कुणीतरी उघड्या हातांनी ती वार ओढतं, पडलेलं वासरू उचलतं, खालची घाण खराट्याने लोटतं. आपल्याकडे हे काम बहुतेक घरांत बाईच करते. हातावर विळ्याची चीर असते, कडब्याने ओरखडलेलं असतं, तिथून जंतू शिरतो. पाणी मारताना उडालेला थेंब डोळ्यात जातो, तिथूनही शिरतो. मग पदराला हात पुसून ती चुलीपाशी जाते. तुमच्या घरी वार कुणी काढली हे मला माहीत नाही, पण ज्यांनी काढली त्या प्रत्येकाने, ताप असो वा नसो, रक्त तपासून घ्यावं. लागण झाल्यापासून ताप यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, कधी काही महिनेही. घरात कुणी गरोदर असेल तर तिला या कामापासून आणि सध्या त्या गोठ्यापासूनच लांब ठेवा. गरोदर बाईला ब्रुसेलाची लागण झाली तर गर्भपाताचा धोका वाढतो.

सासूबाईंच्या बोलण्याकडे दुर्लक्ष करू नका, त्याला नीट उत्तर द्यायला हवं. त्यांच्या चार पिढ्या गोठ्यात गेल्या हे खरंच आहे. पण त्यांच्या वेळी दावणीला काय होतं? दोन खिल्लार बैल, एखादी देशी गाय, नाहीतर पंढरपुरी म्हैस. ती घरचीच पैदास असायची. जनावर गावाबाहेर जायचं ते फार तर सोलापुरात सिद्धेश्वरच्या गड्ड्याच्या यात्रेतल्या बाजाराला. आज संकरित गाय दुसऱ्या जिल्ह्यातून, कधी दुसऱ्या राज्यातून गाडीत घालून येते, तीही गाभण, म्हणजे आजार असलाच तर नेमके जंतू सांडायच्या बेतात. सहा गाई एका पत्र्याखाली, एका गव्हाणीत, एका हौदावर. जंतू तोच, पण पसरायला इतकी सोय त्याला पूर्वी नव्हती. आणि दुसरं म्हणजे जुन्या काळी हा आजार माणसांत नव्हता असं नाही. महिनोन्‌महिने अंगात राहणारा ताप, सांधे धरलेली माणसं, अंथरुणाला खिळलेला तरणा गडी हे गावात असायचंच. तपासायची सोय नव्हती, एवढंच.

ही जोड लावायला शास्त्रालाही बराच काळ लागला, आणि ती हकीकत तुमच्या प्रश्नाशी थेट जुळते. भूमध्य समुद्रातल्या माल्टा बेटावर ब्रिटिश सैनिक तापाने आजारी पडायचे. 1887 साली डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरने मेलेल्या सैनिकांच्या पाणथरीतून, म्हणजे प्लीहेतून, हा जंतू वेगळा काढला. ब्रुसेला हे नाव त्याच्यावरूनच पडलं. पण तो येतो कुठून, हे पुढे अठरा वर्षं कळलं नाही. पाणी, हवा, डास, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. 1905 साली थेमिस्टोक्लिस झामित या माल्टाच्याच डॉक्टरने शेळ्यांचं रक्त तपासलं आणि तिथे त्याला या आजाराची खूण सापडली. शेळ्या धडधाकट होत्या. दारोदार फिरवून गिऱ्हाईकाच्या डोळ्यांदेखत दूध काढून द्यायचे, त्यामुळे ताजं आणि शुद्ध म्हणून लोकांचा त्यावर भरवसा होता. 1906 मध्ये सैन्याने शेळीचं दूध बंद केलं आणि सैनिकांमधला ताप झपाट्याने उतरला. नवीन औषध नाही, काही नाही.

दुसरीकडे डेन्मार्कमध्ये 1897 साली बर्नहार्ड बांग या पशुवैद्यकाने गाई गाभडवणारा जंतू शोधून काढला होता. म्हणजे एक जंतू माणसांच्या डॉक्टरांकडे, एक जनावरांच्या डॉक्टरांकडे, आणि वीसेक वर्षं कुणी दोन्ही शेजारी ठेवून बघितले नाहीत. 1918 मध्ये अमेरिकेतल्या ॲलिस इव्हान्स यांनी ते बघितलं आणि दोघं सख्खे भाऊ आहेत हे दाखवलं. कच्चं दूध धोक्याचं आहे, ते तापवूनच विकलं पाहिजे, असं त्या सांगत राहिल्या. त्यांच्या बोलण्यावर बरीच वर्षं शंका घेतली गेली. 1922 मध्ये त्यांना स्वतःलाच प्रयोगशाळेत या आजाराची लागण झाली आणि पुढे कित्येक वर्षं तो ताप त्यांना छळत होता. तुमच्या डॉक्टरांनी गोठ्यात उभं राहून घरातल्या तापाची चौकशी केली, ती याच कामाची पुढची पायरी आहे. मला त्या डॉक्टरांचं मनापासून कौतुक वाटतं.

मालकांच्या तापाबद्दल. हा जंतू आपल्या पांढऱ्या पेशींच्या आत जाऊन राहतो, म्हणजे जी पेशी त्याला मारायला येते तिच्याच पोटात. म्हणून पाच-सात दिवसांच्या गोळ्या त्याला पुरत नाहीत. काही अँटिबायोटिकं त्याला थोडं दाबतात, ताप उतरतो, माणूस कामाला लागतो आणि पंधरा दिवसांनी पुन्हा संध्याकाळी अंग तापायला लागतं. तुम्ही लिहिलंय ते तंतोतंत असंच आहे. निदान झालं तर डॉक्टर साधारणपणे दोन औषधं एकत्र देतात आणि ती कमीत कमी सहा आठवडे घ्यावी लागतात. मणक्यात किंवा हृदयाच्या झडपेत शिरला असेल तर त्याहून जास्त. दुसऱ्या आठवड्यातच बरं वाटायला लागतं आणि तिथेच बरेच जण गोळ्या सोडतात. तसं होऊ देऊ नका, ताई. तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवा. या आजाराची टीबीशीही गल्लत होते. संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, वजन घटणं, पाठीच्या मणक्याचं दुखणं हे दोन्हींत आहे, आणि एक औषधही दोन्हींत वापरलं जातं. त्यामुळे आधी नीट तपासणी, मगच औषध. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय काही आणू नका. मालकांपासून घरातल्यांना लागण होण्याची भीती जवळपास नाही. माणसाकडून माणसाला हा आजार क्वचितच जातो. ताट-वाटी वेगळी करायचं कारण नाही.

सांगोल्याकडच्या एका तालमीतला पोरगा मला आठवतो. कमरेचं दुखणं आणि अंडाला सूज. सगळ्यांना वाटलं, कुस्तीत मार लागला. त्याच्या घरी मी म्हशी बघायला जात असे. त्यातली एक गाभडलेली होती आणि पहाटे तिचंच धारोष्ण दूध तांब्याभर पिऊन तो तालमीला जायचा. तपासणी झाली, ब्रुसेला निघाला, औषधं पूर्ण घेतली, बरा झाला. नराच्या वृषणात हा जंतू बसतो, वळूच्याही आणि माणसाच्याही. धारोष्ण दुधाने ताकद येते हे आपल्या पैलवानांच्या मनात पक्कं आहे. दुधातलं प्रथिन आणि कॅल्शियम उकळल्याने कुठे जात नाही, हे वस्तादांनीच पोरांना सांगायला पाहिजे. आमच्यापेक्षा त्यांचं ऐकतात.

दुधाचं म्हणाल तर एक चांगली उकळी आली की ब्रुसेला मरतो. डेअरीत 72 अंशांवर 15 सेकंद किंवा 63 अंशांवर 30 मिनिटं दूध तापवतात, तेवढ्यानेही मरतो. त्यामुळे पाश्चराइझ होणारं डेअरीचं दूध आणि घरी उकळून घेतलेला चहा यांत धोका नाही. धोका आहे तो न उकळलेलं दूध पोटात जातं तिथे. आणि अशा जागा आपल्या घरात आपल्याला वाटतात त्यापेक्षा जास्त आहेत. सत्यनारायणाच्या पंचामृतात कच्चं दूध घालतात आणि ते तीर्थ म्हणून लहान पोरांच्या हातावरही देतात. खोकल्याला म्हणून शेळीचं कच्चं दूध पाजतात. शेळ्या-मेंढ्यांतला ब्रुसेला तर गाईतल्यापेक्षा माणसाला जास्त त्रास देतो. सांगोला, मंगळवेढा भागातल्या मेंढपाळांनी हे खास लक्षात घ्यावं. धार काढताना पोरं कासेखाली तोंड धरतात. पंचामृताला उकळून गार केलेलं दूध वापरलं म्हणून पूजेत काही कमी पडत नाही. खरवस वाफेवर पूर्ण शिजतो, त्याची काळजी नको, पण गाभडलेल्या गाईचा चीक मात्र खाऊ नका. तो काढताना, हाताळतानाच हात भरतात. आणि रतिबाचं दूध: शेजारी उकळतातच, पण तुम्ही त्यांना स्पष्ट सांगा. नाहीतर निकाल येईपर्यंत या दोन गाईंचं दूध रतिबाला घालू नका.

दह्याचं कोडं सोपं आहे आणि त्याचा नजरेशी काही संबंध नाही. बाकीच्या गाईंच्या दुधाचं त्याच विरजणाने, त्याच थंडीत दही लागतंय, फक्त हिच्याच दुधाचं लागत नाही, हे तुम्ही स्वतः ताडून पाहिलंत. प्रयोगशाळेत आम्ही वेगळं काही करत नाही. वार अडकल्यावर गर्भाशय सडू नये म्हणून तिला अँटिबायोटिक दिलेलं असणार. ते रक्तातून कासेत आणि कासेतून दुधात उतरतं. विरजणातले जंतूच दही लावतात, औषध त्यांनाही मारतं. उकळल्याने बहुतेक औषधं दुधातून जात नाहीत. ज्याला पेनिसिलिन चालत नाही अशा माणसाला अशा दुधाचा त्रास होऊ शकतो, आणि थोडं थोडं औषध रोज पोटात जात राहिलं तर आपल्या आतड्यातले जंतू त्याला सरावतात. औषधाच्या बाटलीवर किंवा खोक्यावर शेवटच्या डोसनंतर किती दिवस दूध वापरायचं नाही ते छापलेलं असतं. डॉक्टरांना विचारून ते दिवस मोजा. तोवर तिचं दूध वेगळं काढून ओता, कॅनमध्ये मिसळू नका. दही लागायला लागलं म्हणजे औषध पूर्ण गेलं असं मात्र समजू नका, बाटलीवरचे दिवसच धरा.

गाईच्या अंगात गेलेलं औषध गाईपाशी थांबत नाही, याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याच देशातलं आहे. जनावरांच्या दुखण्यावर डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक सर्रास टोचलं जायचं. ते टोचलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की गिधाडांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. 1990 च्या दशकापासून काही जातींची नव्वद टक्क्यांहून जास्त गिधाडं संपली. कारण 2004 साली सापडलं, 2006 साली जनावरांसाठी ते औषध भारतात बंद केलं. मेलेलं जनावर गिधाडं काही वेळात साफ करायची, ते काम मग कुत्र्यांकडे गेलं. माळावर टाकलेली वार आणि पडलेलं वासरू आज कुत्रीच ओढत शेतोशेत नेतात आणि जंतूही त्यांच्याबरोबर जातो. म्हणून गाभडलेलं वासरू ओढ्यात किंवा बांधावर टाकायचं नाही. खोल खड्डा, वर चुना, वर माती, आणि कुत्रं उकरणार नाही इतके दगड. पुन्हा कधी असं झालं तर पुरण्याआधी डॉक्टरांना फोन करा, कारण पडलेल्या वासराच्या पोटातलं पाणी हा तपासणीसाठी फार चांगला नमुना असतो.

तपासण्यांबद्दल थोडं, कारण निकालाचा कागद हातात आला की तो वाचता यावा. गावपातळीवर दुधाची एक तपासणी होते. छोट्या नळीत दूध घेऊन त्यात जांभळ्या रंगात रंगवलेल्या, मारलेल्या ब्रुसेला जंतूंचा एक थेंब टाकतात आणि तासभर उबेला ठेवतात. गाईच्या दुधात या आजाराविरुद्धची प्रतिद्रव्यं, म्हणजे जंतूशी लढायला अंगाने तयार केलेले पदार्थ, असतील तर ती त्या रंगीत जंतूंना धरून सायीबरोबर वर घेऊन येतात. वर जांभळं कडं, खाली पांढरंशुभ्र दूध. प्रतिद्रव्यं नसतील तर खालचं दूध निळसर राहतं आणि साय पांढरी. मला आजही ते कडं उमटताना बघायला थांबावंसं वाटतं. रक्ताची तपासणी पांढऱ्या फरशीवर होते: रक्तद्रवाचा एक थेंब, गुलाबी रंगाच्या द्रावणाचा एक थेंब, चार मिनिटं हलवायचं. रव्यासारखे कण दिसले तर पॉझिटिव्ह. या दोन्ही चाळणीच्या तपासण्या आहेत. पक्क्या निदानासाठी नमुने पुण्याला औंधच्या पशुरोग अन्वेषण विभागात पाठवतात. तुमचे डॉक्टर ते बघतील.

गाई बाजारात काढू नका. मला तुमची अडचण कळते. खुराक महाग आहे, डोक्यावर कर्ज असेल, आणि दुधावर आलेली गाय बाजारात लगेच जाते. पण ती गाय सांगोल्याच्या बाजारातून दुसऱ्या कुणाच्या तरी दावणीला जाईल, तिथेही कुणीतरी बाई उघड्या हाताने वार काढेल. तुमच्या गोठ्यात हा आजार बहुधा असाच आला असणार. शिवाय जनावरांच्या संसर्गजन्य रोगांबाबतच्या 2009 च्या कायद्यात ब्रुसेलोसिसचा समावेश आहे. तो कळवायचा असतो, लपवून विकायचा नसतो. परदेशांत बऱ्याच ठिकाणी पॉझिटिव्ह जनावर कापून टाकतात, सरकार भरपाई देतं. आपल्याकडे गाईला तो मार्ग नाही, आणि औषध देऊन गाय बरी करण्याचा भरवशाचा उपायही नाही. मग राहतं ते तिला जन्मभर सांभाळून वागवणं: वेगळी दावण, वेगळी बादली, धार सगळ्यात शेवटी, दूध उकळूनच, विण्याच्या वेळी एकटी आणि हातमोज्यांशिवाय कुणी शिवायचं नाही. खर्चाचं हे गणित कडू आहे, मी ते गोड करून सांगणार नाही. तिला गावच्या वळूकडे नेऊ नका. कृत्रिम रेतनच करा, त्यासाठीच्या वळूंची या आजारासाठी तपासणी झालेली असते. आणि पुढे गाय विकत घेताना कास आणि दात बघता तसा रक्ताचा निकालही मागा. आणल्यावर महिनाभर वेगळी बांधून पुन्हा तपासा, मगच कळपात सोडा.

गोठा धुताना आधी शेण आणि घाण खरवडून काढा, मग साबणाच्या पाण्याने घासा, मग ब्लिचिंगचं किंवा फिनाईलचं पाणी. शेणावरून नुसतं फिनाईल ओतलं तर खालचे जंतू तसेच राहतात. सावलीतल्या ओलसर शेणात ब्रुसेला काही महिने तग धरतो, पण थेट उन्हात काही तासांत मरतो. सोलापूरचं ऊन इथे आपल्या बाजूचं आहे. जिथे गाय गाभडली ती जागा, खराटा, घमेलं, दोऱ्या सगळं दिवसभर उन्हात पडू द्या. त्या दिवसांतलं शेण गोवऱ्या थापायला घेऊ नका. उकिरड्यावर वेगळं रचून नीट कुजू द्या.

आणखी एका आजाराचा इथेच उल्लेख करतो, कारण त्यातही गोठ्यातला हात थेट जिवावर बेततो. गाय वैरण खात नाही, लाळ गळते, वेगळ्याच आवाजात हंबरते, पाणी गिळता येत नाही. घशात काहीतरी अडकलं असेल म्हणून माणसं तोंडात हात घालून चाचपतात. ते रेबीजही असू शकतं, महिना-दोन महिन्यांपूर्वी चावलेल्या कुत्र्याची कुणाला आठवणही नसते. अशा जनावराच्या तोंडात हात घालू नका. घातला असेल तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं हात धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात लस सुरू करा. या विषाणूवर चरबीचं आवरण असतं, साबण ते फोडतो. हळद, चुना, मिरची काही लावू नका.

तुमच्या गोठ्यात कालवडी असतील तर त्यांचं वय सांगा. ब्रुसेलाची लस फक्त मादी वासरांना, चार ते आठ महिन्यांच्या वयात, आयुष्यात एकदाच देतात. 2019 पासून केंद्राच्या कार्यक्रमात ती फुकट आहे. नर वासरांना आणि गाभण जनावरांना ती देत नाहीत, कारण लस जिवंत जंतूंची आहे. म्हणूनच ती डॉक्टरांनीच टोचायची, आणि टोचताना सुई चुकून माणसाला लागली तर लगेच दवाखाना गाठायचा. कानातल्या बिल्ल्याचा नंबर आणि लसीची तारीख वहीत लिहून ठेवा. पुढे रक्त तपासताना ती उपयोगी पडते.

दवाखान्याचे डॉक्टर भेटले नाहीत तर 1962 या पशुवैद्यकीय मदतीच्या नंबरवर फोन करा. आणि पहिला निकाल निगेटिव्ह आला तरी निर्धास्त होऊ नका. गाभडल्यानंतर लगेच घेतलेल्या रक्तात प्रतिद्रव्यं कधी कधी अजून तयार झालेली नसतात. तीन आठवड्यांनी दोन्ही गाईंचं आणि उरलेल्या चौघींचंही रक्त पुन्हा द्या. मालकांचा आणि गाईंचा निकाल आला की दोन्ही कागद एकमेकांच्या डॉक्टरांना दाखवा.